गुण आला, पण कशाने?

ताप चढला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायच्या, घसा धरला की कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या, नाक चोंदले की डोक्यावरून चादर घेऊन वाफारा घ्यायचा आणि पोट बिघडले की पेज प्यायची. हे उपाय कोणी पुस्तकातून शिकत नाही. घरातल्या मोठ्या माणसांचे पाहूनच ते आपल्याला कळतात. या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. त्या प्रत्येकात मुख्य द्रव्य पाणीच आहे.

पाण्याच्या उपचारांविषयी बोलणारी माणसे बहुधा दोन प्रकारची असतात. काही म्हणतात, "हे नैसर्गिक आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तेव्हा गुणकारी असणारच." काही म्हणतात, "पाण्याने कुठे रोग बरा होतो का? ही सगळी जुनी समजूत." विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: तुम्ही हे पारखून पाहिले आहे काय? या लेखात आपण घरातल्या काही पाण्याच्या उपायांची अशी पारख करू.

जलोपचाराची परंपरा

निसर्गोपचारात माती, पाणी, ऊन, हवा आणि आहार ही साधने वापरतात. त्याचे आजचे रूप बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात घडले. सायलेशियातील ग्रेफेनबर्ग या गावचा विन्सेंट्स प्रीसनिट्स (१७९९–१८५१) हा शेतकरी थंड पाण्याच्या पट्ट्या आणि स्नाने यांनी उपचार करी. पुढे बव्हेरियातील सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) या धर्मगुरूने जलोपचारावर लिहिलेले पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि खूप खपले. जर्मनीतच लाइपझिग येथे लुई कूने यांनी कटिस्नानाचा, म्हणजे टबात बसून घ्यायच्या स्नानाचा, पुरस्कार केला.

कूने यांचे विचार महात्मा गांधींना पटले होते. १९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजी पुण्याजवळच्या उरुळीकांचन येथे राहिले आणि तिथे त्यांनी खेड्यातल्या रोग्यांवर निसर्गोपचार केले. त्यातूनच तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे अनेक वर्षे सांभाळला.

गांधीजींच्या आत्मकथेत या विषयाशी जोडलेला एक प्रसंग आहे. १९०२ साली ते मुंबईत गिरगावात राहत होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल याला विषमज्वर झाला. जोडीला न्यूमोनियाही होता. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्याचा सल्ला दिला. गांधीजींना तो मान्य नव्हता. त्यांनी मुलाला कटिस्नान दिले आणि पाणी मिसळलेला संत्र्याचा रस पाजला. तरी ताप १०४ अंशांपर्यंत चढत राहिला. तेव्हा त्यांनी ओली चादर पिळून मुलाच्या अंगाभोवती गुंडाळली आणि वरून दोन कांबळी घातली. मुलाला दरदरून घाम आला, ताप उतरू लागला आणि पुढे बऱ्याच दिवसांच्या पथ्यानंतर तो बरा झाला.

यानंतर गांधीजींनी जे लिहिले आहे ते महत्त्वाचे आहे. मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, जलोपचाराने, की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर त्यांनी ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडले. विज्ञानाला मात्र हे उत्तर शोधावे लागते.

एका रोग्यावरून का कळत नाही?

विषमज्वरावर परिणामकारक औषध १९४८ च्या सुमारास हाती आले. त्यापूर्वीही या रोगाच्या शंभर रोग्यांपैकी ऐंशी ते नव्वद रोगी वाचत असत. शरीराची प्रतिकारशक्ती तीन-चार आठवड्यांत रोगजंतूंवर मात करी. म्हणजे कोणताही निरुपद्रवी उपचार केला, तरी तो घेतलेल्यांपैकी बहुतेक जण बरे झालेले दिसणारच. उरलेल्या दहा-वीस जणांचे काय झाले, हे सांगायला मात्र कोणी मागे राहत नाही.

सर्दीचेही तसेच आहे. सर्दी सात-आठ दिवसांत आपोआप जाते. आपण उपाय बहुधा त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा करतो. त्यानंतर उतार पडणे हे ठरलेलेच असते. श्रेय मात्र त्या दिवशी घेतलेल्या काढ्याला मिळते.

मग खरे-खोटे कसे ठरवायचे? दोन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, हा उपाय कोणत्या क्रियेने काम करतो हे सांगता येते काय? दुसरी, उपाय केलेले आणि न केलेले असे दोन सारखे गट घेऊन तुलना केली तर फरक दिसतो काय? या दोन्ही कसोट्या आता आपल्या घरातल्या पाण्याला लावू.

ओल्या घडीचे गणित

कपाळावरच्या ओल्या घडीने गार का वाटते? पाणी थंड असते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. खरे काम बाष्पीभवन करते. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते. तिला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती बरीचशी शरीरातून घेतली जाते.

थोडे गणित करू. एका मुलाचे वजन ४० किलोग्रॅम आहे. मानवी शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ आहे. त्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने उतरवायचे तर ४०,००० × ०.८३ = ३३,२०० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. तिला ५८० ने भागले की उत्तर येते सुमारे ५७ ग्रॅम. म्हणजे साधारण अर्धी वाटी पाणी त्वचेवरून वाळले, तर एवढी उष्णता निघून जाते! प्रत्यक्षात शरीर सतत नवी उष्णता निर्माण करीत असते, म्हणून पाणी जास्त लागते. पण हा उपाय कसा चालतो ते यावरून स्पष्ट होते.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. प्रयोगशाळेतले तीन साधे तापमापक घ्या. (डॉक्टरी तापमापक नको.) एकाच्या फुग्याभोवती कोरडे सुती कापड गुंडाळा, दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळा. तिसऱ्यालाही ओले कापड गुंडाळा, पण त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. पाणी आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवलेले असावे. तिन्ही तापमापक पंख्याखाली ठेवून दर दोन मिनिटांनी नोंद करा. दुसऱ्याचा पारा उतरेल. तिसरे कापडही तितकेच ओले आहे, पण तिथे वाफ बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून त्याचा पारा जवळजवळ जागेवरच राहील. हाच प्रयोग नागपूरच्या मे महिन्यात आणि रत्नागिरीच्या जुलै महिन्यात केला तर आकडे वेगळे येतील. असे का, याचा विचार करा. घडीच्या पाण्यात मीठ घालावे काय, हेही चौथा तापमापक घेऊन ठरवता येईल. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित सावकाश वाळते, म्हणजे मिठाने मदत काहीच होत नाही.

पहिली कसोटी तर पार पडली. पण आणखी एक प्रश्न उरतो. ताप हा रोग आहे काय? नाही. मेंदूतील अधश्चेतक नावाच्या भागात शरीराचे तापमान ठरवणारे केंद्र असते. रोगजंतूंशी लढताना हे केंद्र आपली पातळी ३७ अंशांवरून ३९ अंशांवर नेऊन ठेवते. तेव्हा आपण बाहेरून अंग निववले, तरी घडी काढल्यावर शरीर पुन्हा ३९ अंश गाठते. बर्फाचे पाणी वापरले तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हुडहुडी भरते आणि स्नायूंत उलट जास्त उष्णता तयार होते. म्हणून घडीने बरे वाटते, पण ताप आणणारे कारण तसेच राहते.

आता उष्माघात पाहा. वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्या माणसाचे शरीर ४० अंशांच्या वर जाते. इथे मेंदूतील केंद्राने पातळी वाढवलेली नसते. उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. अशा वेळी माणसाला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर गार पाणी ओतून वारा घालणे हाच जीव वाचवणारा उपचार ठरतो. दवाखान्यात नेण्याची व्यवस्था होईपर्यंत आणि वाटेतही तो चालू ठेवायचा असतो. तेच पाणी साध्या तापात नुसता आराम देते आणि उष्माघातात प्राण वाचवते. उपाय कोणत्या दुखण्यावर वापरतो आहोत, हे कळले पाहिजे ते याचसाठी.

गुळण्या आणि वाफारा

दुसऱ्या कसोटीचे चांगले उदाहरण जपानमध्ये सापडते. तिथे गुळण्या करण्याची सवय जुनी आहे. क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ३८७ निरोगी माणसे घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाने रोज निदान तीन वेळा साध्या पाण्याने गुळण्या करायच्या, दुसऱ्याने आयोडिनयुक्त औषधाच्या द्रावणाने, आणि तिसऱ्याने आपली नेहमीची रीत बदलायची नाही, असे ठरले. ६० दिवस नोंदी ठेवल्या. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडशाचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. औषधाच्या गटात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही!

या प्रयोगात एक उणीव आहे. आपण गुळण्या करीत आहोत हे करणाऱ्याला माहीत असतेच, आणि त्याचा परिणाम त्याने सांगितलेल्या लक्षणांवर होऊ शकतो. तरीही अशी तुलना करून मिळालेले उत्तर "आमच्याकडे सगळे करतात" या उत्तरापेक्षा पुष्कळ मोलाचे असते.

वाफाऱ्याची कथा निराळी आहे. गरम दमट हवेने चोंदलेले नाक घटकाभर मोकळे झाल्यासारखे वाटते, हा अनुभव खरा आहे. परंतु अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र ताडून पाहिले, तेव्हा त्याने सर्दी लवकर बरी होते असे ठामपणे म्हणता आले नाही. शिवाय उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून लहान मुले भाजल्याची उदाहरणे डॉक्टरांना वारंवार पाहावी लागतात. लाभ थोडा आणि धोका मोठा असेल, तर लहान मुलाच्या बाबतीत हा उपाय न केलेलाच बरा.

मीठ, साखर आणि एक दरवाजा

आता पाण्याचा सर्वांत मोठा पराक्रम पाहू. पटकी झालेल्या रोग्याच्या शरीरातून जुलाबावाटे काही तासांत कित्येक लिटर पाणी आणि क्षार निघून जातात. रोगी मरतो तो बहुधा या शोषामुळे. मग त्याला नुसते पाणी पाजले तर? ते आतड्यात नीट शोषले जात नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याचेही तेच होते. जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतील, अशी समजूत अनेक घरांत होती. त्यामुळे तहानलेल्या मुलाचे पाणी तोडले जाई. ही जुनी समजूत किती बालकांना भोवली असेल!

१९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने कोड्याचे उत्तर सुचवले. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रकारचा दरवाजा असतो. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच तो त्यांना आत घेतो. ते आत गेले की त्यांच्यामागून परासरणाने पाणी जाते. पटकीचे विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावते, पण हा दरवाजा ते बंद करू शकत नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात घातले की पाण्याला आत जायची वाट मिळते, ती अशी.

याची खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन पुरेना आणि ते लावणारे प्रशिक्षित हातही पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात तयार करवून घेतल्या. पिंपात पाणी भरून त्यात त्या विरघळवल्या आणि ते द्रावण रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आई मुलाला, भाऊ भावाला पाजू लागला. पूर्वी शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावत होते. हा उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण ३.६ वर आले. घरातल्या माणसाच्या हातून दिलेला हा उपाय पुढे जगभर स्वीकारला गेला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आणि आपली पेज? तांदळातील पिष्ट पचताना त्यातून हळूहळू ग्लुकोज सुटे होते. त्यात मीठ घातले की दरवाजा उघडणारी जोडी जमते. तांदळापासून केलेल्या अशा द्रावणाच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि पटकीच्या रोग्यांत त्याने जुलाबाचे प्रमाण कमी झालेले आढळले. कोकणातल्या आजीला सोडियम ठाऊक नव्हते, तरी तिची मिठाची पेज कसोटीला उतरली. जुलाबात पाणी तोडण्याची समजूतही तितकीच जुनी होती. ती कसोटीला उतरली नाही. म्हणजे जुनेपणावरून काहीच ठरत नाही.

इथे प्रमाणाला फार महत्त्व आहे. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून बाटलीतली गोड पेये यासाठी चालत नाहीत. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या जिवाला धोका होतो. औषधाच्या दुकानातली किंवा आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी मिळाली तर तीच सर्वांत चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती घालावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. बाळ अंगावर पीत असेल तर ते थांबवू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले सारे उलटून पडू लागले, तर घरी थांबू नये.

पाणी कुठे थांबते?

चुलीवर किंवा गरम भांड्याने भाजले तर त्या जागेवर २० मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. त्याने आतल्या थरांत शिरलेली उष्णता निघून जाते आणि इजा कमी होते. बर्फ, शाई, दंतमंजन किंवा पीठ लावू नये. मोठे भाजले असेल तर पुढचे काम डॉक्टरांचे.

कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते. साबण ते फोडतो, आणि पाणी उरलेले विषाणू वाहून नेते. इतका साधा उपाय, पण त्यामागे पक्के विज्ञान आहे. मात्र तेवढ्याने भागत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम धुतल्यावर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावीच लागते. चुना किंवा तिखट भरल्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. सर्दीप्रमाणे इथे आपोआप उतार पडत नाही. त्यामुळे उपाय निवडताना झालेली चूक नंतर सुधारता येत नाही.

तुमच्या घरची वही

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक काम करता येईल. प्रत्येकाने आपल्या घरातले आणि शेजारचे पाच उपाय विचारून घ्यावेत आणि वहीत चार रकाने आखावेत: उपाय कोणता, कोणत्या दुखण्यावर, तो कसा काम करीत असेल, दुखणे उपायाशिवाय आपोआप बरे झाले असते काय. आजी-आजोबांना विचारताना त्यांची परीक्षा घेतल्यासारखे विचारू नका. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि जमले तर त्यांनाही ओल्या कापडाचा प्रयोग दाखवा.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. एक लिटरचे भांडे, चहाचा चमचा, साखर आणि मीठ घेऊन प्रत्येकाने एकदा ते द्रावण स्वतः तयार करावे. चमचा शिगोशीग भरला की सपाट, हे एकमेकांनी तपासावे. द्रावणाची चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. आणि शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीत जलसंजीवनीच्या दोन-चार पुड्या आहेत ना, त्यांची मुदत संपली नाही ना, हे उद्याच पाहून घ्यावे.